वाचक विचारतात : धरणातल्या नावेचा रंग

मराठवाड्यातल्या धरणांवरून नावांच्या रंगाबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. इथले सगळे पाणी गोडे. त्यामुळे मुंबई-कोकणाकडून ऐकलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय आपल्याकडचे ऊन हा रंगाचा वेगळाच वैरी आहे.

प्रश्न : आमची अठरा फुटी, सपाट बुडाची पत्र्याची नाव नाथसागरात चालते. दर वर्षी घासून रेड ऑक्साईडचा एक आणि ऑइलपेंटचे दोन हात देतो. दिवाळीपर्यंत बुडाला फोड येतात, फोडले की आत गंज. भारी कंपनीचा ऑइलपेंट घेतला तर टिकेल का? (पैठण तालुका)

नाही टिकणार. ऑइलपेंट दारे, खिडक्या, ग्रील यांच्यासाठी असतो. भिजला आणि वाळला तर त्याचे काही बिघडत नाही; महिनोन्‌महिने पाण्यात बुडून राहिला की तो मऊ पडतो आणि पाणी आत सोडतो. पत्र्यावर गंजाची क्रिया सुरू झाली की गंजाच्या ठिपक्याभोवती अल्कली तयार होते. तेलापासून केलेला रंग त्या अल्कलीने अक्षरशः साबण होऊन सुटतो. नेहमीचा रेड ऑक्साईडही त्याच जातीचा, म्हणून तो अस्तर म्हणून वाचवत नाही. डबा भारी घेतल्याने जात बदलत नाही.

पाण्याखालच्या भागाला बेस आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून लावायचा इपॉक्सी घ्या. त्यातही दुकानात ‘सरफेस टॉलरंट इपॉक्सी मॅस्टिक’ या नावाने मागा. हा जाड बसतो आणि हाताने घासलेल्या पत्र्यावरही धरतो. कोणी झिंक-रिच प्रायमरचा आग्रह धरला तर घेऊ नका. प्रायमर वाईट नाही, पण त्याला वाळूच्या माऱ्याने पांढरा केलेला पत्राच लागतो. जस्त उघड्या लोखंडाला थेट भिडले तरच काम करते. ब्रशने घासलेल्या पत्र्यावर ते पैसे वाया जातात. कोलटार इपॉक्सी स्वस्त आहे आणि पाण्याखाली उत्तम टिकतो, पण त्यातल्या डांबरी द्रव्यांत कर्करोगकारक घटक असतात. मासे ज्या नावेत टाकायचे तिच्या आतून तो नको.

आता तयारी. खरा निकाल इथेच लागतो.

वेल्डिंगचे जे काही असेल ते आधी उरका. रंगानंतर बाहेरून ठिगळ मारले की आतला रंग जळतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. बुडावर लहान हातोडीने ठोकत जा. आवाज बद्द येतो किंवा टोक रुतते तिथला पत्रा संपला आहे. रंग त्याला उभा करणार नाही.

मग धुणे, आणि तेही घासण्याच्या आधी. डिझेल, ग्रीस, माशांचा चिकटा आधी साबणाच्या पाण्याने काढा. तसेच घासले तर तेल सगळ्या पत्र्यावर पसरते. शेवटचे पाणी मात्र खाऱ्या बोअरचे घेऊ नका. आपल्याकडे बऱ्याच बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो. तोच क्षार पत्र्यावर वाळून रंगाखाली राहतो, रंगाआडून पाणी ओढून घेतो आणि फोड येतात. दर वर्षी नेमाने धुऊनही फोड येत असतील तर पहिला संशय इथे घ्या. धरणाचे निवळलेले पाणी चालेल.

घासताना एक फसवणूक होते. ग्राइंडरला लावलेल्या तारेच्या कप ब्रशने गंज निघतो असे वाटते. प्रत्यक्षात खड्ड्यातला गंज घोटला जाऊन काळा चकचकीत होतो आणि रंगाला धरायला काही उरत नाही. आधी सुटे पापुद्रे छन्नी-पटाशीने उडवा, मग ६० किंवा ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने पत्रा राखाडी आणि खरखरीत करा. खोल खड्डे तारेच्या टोकाने कोरा. फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक वापरले तर ते पूर्ण धुऊन, वाळवूनच पुढे जा. उरलेले आम्ल इपॉक्सीखाली फोडच आणते. जुना रंग घट्ट बसला असेल तर उरलेल्या रंगाची कड पॉलिश पेपरने उतरती करा. पण जुना ऑइलपेंट बुडाखाली ठेवू नका. इपॉक्सीचा थिनर त्याला फुगवून उचलतो.

घासल्यावर त्याच दिवशी पहिला हात गेला पाहिजे. रात्रभर उघडा राहिलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो.

पहिल्या हाताआधी कडा, वेल्डिंगचे जोड, बोल्टची डोकी यांना ब्रशने दाबून एक पट्टा मारा. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, म्हणून गंज नेहमी कडेनेच सुरू होतो. मग सगळीकडे रोलर.

किती रंग लागेल याचा हिशेब असा. तुमच्या नावेचे बूड सुमारे ७२ चौरस फूट, दोन बाजू मिळून तेवढ्याच आणि टोके. म्हणजे बाहेरून साधारण १५० चौरस फूट, १४ चौरस मीटर. मॅस्टिकच्या डब्यावर घनभाग (रंग वाळल्यावर उरणारा भाग) ८० टक्के लिहिला असेल तर एक लिटर, १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाळलेल्या थरासाठी, ६.४ चौरस मीटर जातो (८० गुणिले १०, भागिले १२५). १४ मीटरला २.२ लिटर. ट्रे, रोलर, सांडलवंड धरून पावणेतीन ते तीन. पाण्याखाली एकूण २५० मायक्रॉन हवेत, म्हणून सहा लिटर.

मग ‘दोन हात’ म्हणू नका, लिटर मोजा. रोलरने किंवा ब्रशने एका हातात सहसा साठ-ऐंशी मायक्रॉनच बसतात. पेंटर दोन हात मारून मोकळा होतो आणि डब्यात अर्धा रंग उरतो. उरलेला रंग ही बचत नाही, तो नावेवरून गायब झालेला थर आहे. सहा लिटर त्या १४ मीटरवर संपेपर्यंत तीन किंवा चार हात मारा. ओल्या रंगात टेकवून बघायची दातेरी पट्टी दुकानात मिळते. एका हातात ८० मायक्रॉन वाळलेले हवे असतील तर तिने सुमारे १०० ओले दाखवायला हवे.

दोन हातांमध्ये किती वेळ, ते डब्यावर दोन आकड्यांत असते : कमीत कमी आणि जास्तीत जास्त. जास्तीचा आकडा उलटून गेला तर रंग इतका घट्ट होतो की पुढचा थर त्यावर नुसता बसतो, धरत नाही. मग १२० नंबरच्या पेपरने चकाकी मोडायची. टेकूंखालची जागा विसरू नका. अर्धे काम झाले की टेकू हलवून तिथे पुरते हात द्या. शेवटच्या हातानंतर नाव आठ दिवस कोरडीच ठेवा. हाताला कोरडा लागतो म्हणजे पाण्यात टाकायला तयार, असे नसते.

पाण्यावरच्या भागाला इपॉक्सीवर ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेन रंगाचे दोन हात. तिथे चारेक चौरस मीटर धरले तर सव्वा ते दीड लिटर पुरेल.

आणि आतून? बहुतेक पत्र्याच्या नावा आतून कुजतात. फळ्यांखाली पाणी, चिखल आणि माशांचा चिकटा साचतो, तो भाग कधी पूर्ण वाळत नाही आणि तिथे वर्षानुवर्षे कुणी ब्रश नेत नाही. फळ्या काढून आतल्या बुडालाही बाहेरच्यासारखेच घासून २०० मायक्रॉन द्या. पैसे कमी पडत असतील तर बाहेरचा पॉलियुरेथेन पुढच्या वर्षी करा, आतले बूड टाळू नका.

प्रश्न : एप्रिलमध्ये विष्णुपुरीजवळ नाव रंगवताना इपॉक्सी डब्यातच तापला, धूर आला आणि दगड झाला. जेवढा लावला होता त्यावर बारीक बुडबुडे आले. माल बनावट होता का? (नांदेड)

मालाला दोष द्यायचे कारण दिसत नाही. बेस आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते. उंच डब्यात चार लिटर एकदम कालवले की ती उष्णता बाहेर पडायला वाटच मिळत नाही. कालवलेला रंग वापरून संपवायला डब्यावर २५ अंशांना दोन तास लिहिले असतील तर ३५ ला ढोबळमानाने तासभर, आणि चाळिशीपार त्याहूनही कमी. थिनर घालून हा वेळ वाढत नाही, फक्त रंग पातळ होतो. एका वेळी अर्धा ते एक लिटरच कालवा, कालवल्यावर लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, डबे सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. प्रमाण डोळ्यांनी नको. चारास एक लिहिले असेल तर ते आकारमानाने की वजनाने ते वाचा आणि मापाच्या भांड्याने घ्या. हार्डनर जास्त घातला म्हणजे रंग ‘लवकर आणि कडक’ होतो हा गैरसमज आहे. जास्तीचा हार्डनर चिकट राहतो. धुरावलेला डबा झाकण न लावता उघड्यावर, सुक्या गवतापासून दूर ठेवायचा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहायचे.

बुडबुड्यांचे कारण पत्र्याचे तापमान. हवा ४१ अंश असते तेव्हा उन्हातल्या पत्र्यावर हात ठेववत नाही. वरची साय लगेच धरते, खालचा थिनर ती साय फोडून बाहेर येतो. साधा नियम : तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्या पत्र्यावर रंग नको. एप्रिल-मे टाळता येत नसेल तर शेडनेट किंवा ताडपत्री बांधा, पहाटेपासून नऊपर्यंत काम करा आणि आदल्या संध्याकाळी भोवतालच्या जमिनीवर पाणी शिंपडा. धरणाच्या आटलेल्या पात्रातली काळी माती वाऱ्याने उडून ओल्या रंगात बसते.

आपल्याकडे या कामाला सगळ्यात चांगला काळ म्हणजे फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरही चालतो, पण पाण्याकाठी पहाटे दव पडते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश वर हवे. यंत्र नसेल तर ओल्या फडक्याचा एक पट्टा पत्र्यावर ओढा. पाव तासात वाळला तर सुरू करा, ओलाच राहिला तर थांबा. थंडीत दुपारी तीननंतर शेवटचा हात देऊ नका. रात्री दवात भिजलेला अर्धकच्चा इपॉक्सी सकाळी पांढुरका, तेलकट होतो. तसे झालेच तर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, मग पेपर मारून पुढचा थर द्या. न धुता पेपर मारला तर तेलकटपणा चोळून आत जातो.

प्रश्न : फायबरची जुनी होडी घेतली. बुडाला हरभऱ्याएवढे फोड आहेत. एक फोडला तर आंबूस वासाचे पाणी आले. लांबी भरून रंग द्यायचा का? (माजलगाव)

आत्ताच लांबी भरू नका. पाणी जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराच्या, आत झिरपले आहे. आत फायबरच्या थरात सुटी राहिलेली रसायने त्यात विरघळतात, ते द्रावण आणखी पाणी ओढते आणि दाबाने फोड उठतो. फोड उघडताना चष्मा घाला, ते पाणी डोळ्यांत उडते.

बोटावर मोजण्याइतके फोड असतील तर तेवढेच घासून, बशीसारखे उतरते करा. बूडभर असतील तर तेवढा जेलकोट काढावा लागतो; ते काम फायबर जाणणाऱ्याकडून करून घ्या. दोन्हीकडे पुढचे सारखेच : उघडलेल्या जागा गोड्या, क्षार नसलेल्या पाण्याने ब्रशने धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा धुवायच्या. चिकट लागायचे थांबेपर्यंत. मग वाळवणे, आणि इथे मराठवाड्याचा उन्हाळा कामाला येतो. होडी पालथी, हवेशीर, काही आठवडे ठेवा. वाळली का, हे बघायला फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा. उन्हात एक दिवसानंतर आतून घाम दिसला तर अजून थांबा.

भरायला इपॉक्सीची लांबी घ्या. मोटारगाडीची पॉलिस्टर लांबी पाणी शोषते, पाण्याखाली ती नको. तिच्यावर थिनर नसलेल्या इपॉक्सीचे चार-पाच हात. फायबर नवे असेल तर साच्याचे मेण त्यावर असते : पाणी ओता, थेंब थेंब होऊन पळाले तर मेण आहे. ते थिनरच्या फडक्याने, फडके सारखे बदलत, पेपर मारायच्या आधी काढा. रंग काढायचे जहाल ‘पेंट रिमूव्हर’ आणि ब्लो-लॅम्प फायबरजवळ आणू नका; पहिले जेलकोट विरघळवते, दुसरा आतला थर सुटा करतो.

प्रश्न : मुंबईच्या पाहुण्यांनी सांगितले, तांब्याचा लाल अँटीफाउलिंग रंग दे, शेवाळ येणार नाही. द्यावा का? (येलदरी, ता. जिंतूर)

देऊ नका. तो रंग मुख्यतः बार्नॅकलसारख्या खाऱ्या पाण्यातल्या जीवांसाठी असतो आणि ते तुमच्या धरणात नाहीत. इथे बुळबुळीत थर आणि हिरवे शेवाळ येते. नाव दीड-दोन महिन्यांनी काठावर ओढून नायलॉनच्या ब्रशने घासली की निघते, खाली कडक इपॉक्सी असेल तर फारच सहज. अँटीफाउलिंग काम करतो तो विष हळूहळू पाण्यात सोडून. जलचरांना तांबे बाधते आणि आपली बहुतेक धरणे पिण्याच्या पाण्याचीही आहेत. याच जातीतले टिनयुक्त रंग इतके घातक ठरले की २००१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००८ मध्ये अमलात आला, जहाजांवर त्यांना बंदी घातली गेली. नाव ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचा रंग आणखीच नको. तांबे आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियमला भोके पडतात.

प्रश्न : लाकडी नावेला वडिलांपासून डांबर लावतो. आता ऑइलपेंट द्यायचा आहे. डांबरावर चालेल का? (मांजरा धरण, ता. केज)

डांबरावर कुठलाच रंग चालत नाही. रंगातला थिनर डांबर विरघळवतो, तपकिरी डाग वर येतात, आणि उन्हात खालचे डांबर मऊ होऊन वरचा कडक रंग चिरतो. एकतर डांबरच चालू ठेवा, नाहीतर लाकूड दिसेपर्यंत सगळे खरवडा. थंडीच्या सकाळी डांबर ठिसूळ असते, तेव्हा पटाशीने भराभर निघते. दुपारी ते पेपरला चिकटून बसते.

आमचे मत विचाराल तर, फळ्या जुन्या आणि हलत्या असतील तर डांबरच ठेवा. कडक रंग आणि इपॉक्सी न हलणाऱ्या लाकडाला शोभतात. फळ्या पाण्यात फुगतात, उन्हात आखडतात, आणि सांध्यावर रंग फाटतो. सांध्यांत सुती दोर बसवून वर मऊ लांबी भरा. कडक लांबी भरली तर फुगणारी फळी तिला बाहेर ढकलते किंवा स्वतः चिरते. सगळे काढून रंगच द्यायचा ठरवला तर लाकूड सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि फळ्यांची तोंडे, जिथे लाकडाचे छेद उघडे असतात, तिथे पहिला हात पातळ करून दोनदा मुरवा. पाणी तिथूनच शिरते.

प्रश्न : नाव दोन वर्षांपूर्वी पूर्ण इपॉक्सीने रंगवली. वरच्या भागाची चमक गेली, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. पुन्हा सगळे काढायचे का? (माकणी, ता. लोहारा)

काहीच काढू नका. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरचा पापुद्रा भुकटी होतो. खालचा थर शाबूत असतो. साबणाने धुवा, २२० नंबरचा पेपर मारा, पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. रंग फिकट निवडा. गडद निळा किंवा काळा उन्हात कितीतरी जास्त तापतो, फायबरला तर तो नकोच.

प्रश्न : इपॉक्सीचे काम केल्यापासून पेंटरच्या हाताला पुरळ आणि खाज आहे. थिनरने हात धुतो तरी जात नाही. (पैठण तालुका)

थिनरमुळेच वाढते आहे. थिनर कातडीचे तेल काढतो आणि हार्डनर आत जायला वाट करून देतो. ही हार्डनरची ॲलर्जी दिसते. एकदा जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही उठते, म्हणून त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा आणि तोवर हे काम दुसऱ्याकडे द्या. जो करेल त्याला नायट्रिलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्या. पातळ प्लॅस्टिकचे मोजे थिनरने गळतात. हाताला लागले तर कोरड्या फडक्याने पुसून साबण-पाणी. अर्धवट पक्का झालेला इपॉक्सी घासताना उडणारी धूळही तेवढीच बाधते. पेपर पाण्याबरोबर मारा.

पॉलियुरेथेन फवाऱ्याने मारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीच नाही. रोलरने काम छान होते. नावेच्या आतून रंगवताना थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बुडात साचते. वाकून काम करणाऱ्याला गरगरते, आणि भडका उडायला एखादी बिडी पुरेशी होते. पंखा लावा, दोघांनी मिळून काम करा.

खरवडलेला रंग ताडपत्रीवर गोळा करा. जुन्या थरांत शिसे असू शकते, आणि काठावर सोडलेला तो चुरा पावसाळ्यात पाणी चढले की थेट धरणात जातो. उरलेला बेस आणि हार्डनर थोडा थोडा एकत्र कालवून पसरट भांड्यात घट्ट करा आणि मगच टाका. ब्रश धुतलेला थिनर झाकून ठेवला तर गाळ खाली बसतो, वरचा निवळलेला भाग पुढच्या वेळी ब्रश धुवायला चालतो. रंगात मिसळायला मात्र नवाच घ्यावा.